द्राक्षमळ्यांचा नकार

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या वक्तृत्व-मंडळापुढें, "वीज उत्पन्न करण्याकरितां अणुशक्तीचा उपयोग करावा किंवा नाहीं?" असा विषय चर्चेस आला होता. अध्यक्षस्थानीं आम्ही होतों. त्या दिवशीं वसतिगृहांतील दोन विद्यार्थ्यांनीं सभा गाजविली. एक कोंकणच्या किनाऱ्यावरचा. त्याच्या घरीं होडी व जाळीं हेंच उपजीविकेचें साधन. दुसरा विदर्भांतील कोळशाच्या मुलुखांतला. त्याचे वडील एका वीजगृहांत कामास आहेत. पहिला म्हणाला, "आमच्या समुद्राचें पाणी तापलें आणि मासळी दूर गेली, तर आम्हीं खावें काय?" दुसऱ्यानें उत्तर दिलें, "आमच्या अंगणांत दोरीवर वाळत घातलेला शाळेचा पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत काळवंडतो आणि आजीचा खोकला बारा महिने हटत नाहीं. तुम्हांस नको असलेली वीज अखेर आमच्याच धुरांतून निघते!" टाळ्या दोघांसही सारख्याच पडल्या. निकाल मात्र आम्हांस देतां आला नाहीं.

त्या दिवशीं जें बोलावयाचें राहून गेलें तें आज या पृष्ठांवर मांडावें, असा आमचा मानस आहे. त्याकरितां आम्ही आपल्या वाचकांस जर्मनी देशांतील एका द्राक्षमळ्यांच्या मुलुखांत नेतों. अणुवीजगृहांस विरोध पुष्कळ देशांत झाला. परंतु ज्या विरोधांतून एक स्वतंत्र राजकीय पक्ष उदयास आला, तो सरकारांत जाऊन बसला, आणि अखेर देशांतील एकूणएक अणुभट्टी बंद झाली, असें उदाहरण जर्मनीसारखें दुसरें नाहीं. अशा ठिकाणीं नकाराचें फळही पाहावयास मिळतें आणि नकाराची किंमतही कळते.

परंतु हकीकतीपूर्वीं अणुवीज म्हणजे काय, हें थोडक्यांत समजून घेऊं. १९३८ सालच्या डिसेंबरांत बर्लिन येथें ऑटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान या दोघां रसायनशास्त्रज्ञांस असें आढळून आलें कीं, युरेनियमवर न्यूट्रॉन नांवाच्या सूक्ष्म कणांचा मारा केला असतां त्यांतून बेरियमसारखें पुष्कळ हलकें मूलद्रव्य निघतें. अणूचा गाभाच दुभंगतो, हा त्याचा अर्थ लिझे माइटनर व तिचा भाचा ऑटो फ्रिश यांनीं लावून दाखविला. गाभा दुभंगला म्हणजे उष्णता बाहेर पडते. शिवाय आणखी न्यूट्रॉन सुटतात, ते शेजारच्या अणूंचे गाभे फोडतात, आणि ही मालिका पुढें चालू राहते. अणुभट्टींत ही मालिका लगाम घालून चालविली जाते. तिच्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरविते, आणि चक्र वीज देतें. म्हणजे कोळशाच्या वीजगृहांत व अणुवीजगृहांत वाफेचें कार्य एकाच जातीचें. भेद आहे तो चुलींतील जळणाचा.

हें जळण लागतें अगदीं थोडें, आणि त्याचा धूर निघत नाहीं. हा त्याचा मोठा गुण. दोष दोन आहेत. चूल विझविली तरी निखारे कांहीं वेळ धगधगत राहतात, त्याप्रमाणें अणूंची मालिका थांबविली तरी भट्टींतील जळण दीर्घकाळ उष्णता देत राहतें. त्यावर पाणी फिरवीत राहिलें नाहीं तर तें स्वतःच्या उष्णतेनें वितळूं लागतें. हा पहिला दोष. दुसरा दोष राखेचा. या चुलीची राख किरणोत्सारी असते. तींतील प्लुटोनियमच्या मुख्य प्रकाराची शक्ति निम्मी होण्यासच सुमारें २४,००० वर्षें लागतात. ही राख कोणाच्या परसांत टाकावी, हा प्रश्न चूल पेटविण्यापूर्वीं कोणीं फारसा विचारला नाहीं.

आतां मूळ कथेकडे वळूं. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतांत, ऱ्हाइन नदीच्या तीरापासून जवळच कायझरश्टूल नांवाचा जुन्या ज्वालामुखीचा डोंगर आहे. त्याच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनीं द्राक्षांचे मळे लाविलेले आहेत. नदीपलीकडे फ्रान्सचा अल्सेस प्रांत लागतो. दोन्ही तीरांवरील लोकांची घरगुती बोली मुळांत एकच. तरीही १८७० व १९३९ या दोन्ही वेळच्या युद्धांत हे शेजारी एकमेकांविरुद्ध उभे होते. या डोंगराच्या पायथ्याजवळ वील नांवाचें खेडें असून त्याच्या हद्दींत नदीकाठचें रान आहे. १९७३ सालच्या उन्हाळ्यांत, त्या रानांत अणुवीजगृह उभारण्याचें ठरलें आहे, ही बातमी तेथील लोकांच्या कानीं पडली ती नभोवाणीवरून! ज्यांच्या दाराशीं तें उभें राहावयाचें, त्यांना कोणीं आधीं विचारलें नव्हतें.

शेतकऱ्यांना पहिली भीति वाटली ती किरणांची नव्हे, धुक्याची. शीतकरणाच्या उंच मनोऱ्यांतून अहोरात्र वाफ निघेल, तिचें धुकें मळ्यांवर पसरेल, ऊन कमी होईल आणि द्राक्षें पिकणार नाहींत, असें त्यांना वाटलें. मग त्यांनीं वाचावयास आरंभ केला, जवळच्या फ्रायबुर्ग विद्यापीठांतील जाणत्या मंडळींस गाठून प्रश्न विचारले, आणि विचारतां विचारतां त्यांना किरणोत्सार, अपघात व राख यांविषयींची माहिती झाली. बहुतेक लोकचळवळी अशाच उगम पावतात. आरंभ आपल्या बांधावरील पिकापासून होतो. दृष्टि विस्तारते ती पुढें.

येथें एक गैरसोयीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण चळवळींच्या कथा सांगतांना अशा गोष्टी गाळण्याची खोड पुष्कळांस असते. १२ जानेवारी १९७५ रोजीं वीलच्या रहिवाशांचीं मतें घेण्यांत आलीं, तेव्हां शेंकडा ५५ मतें जमीन विकण्याच्याच बाजूनें पडलीं. प्रांताचे मुख्य मंत्री हान्स फिल्बिंगर यांनीं तर असा इशारा दिला होता कीं, हें वीजगृह झालें नाहीं तर हें दशक संपण्याच्या आंत दिवे विझूं लागतील. म्हणजे खुद्द गांवच दुभंगलेलें होतें. भाऊ एकीकडे, तर मेहुणा दुसरीकडे. विरोधाचा जोर होता तो आसपासच्या खेड्यांत. वाऱ्याला व धुक्याला गांवाची हद्द कळत नाहीं, तेव्हां निर्णय एकट्या गांवानें कां घ्यावा, असा त्यांचा सवाल होता.

१७ फेब्रुवारीस झाडें तोडण्याचें काम सुरू झालें. दुसऱ्या दिवशीं कित्येक शेंकडे स्त्रीपुरुष रानांत शिरले आणि यंत्रांपुढें उभे राहिले. २० तारखेस पोलिसांनीं पाण्याचे फवारे सोडून त्यांना हुसकून लाविलें. परंतु २३ तारखेस, रविवारीं, सुमारें २८,००० माणसें जमलीं आणि त्यांनीं ती जागा पुन्हां व्यापिली. पुढें कित्येक महिने ती त्यांच्याच ताब्यांत राहिली. एकेका गांवानें पाळी घ्यावी, बायकांनीं भाकरतुकडा पोंचवावा, म्हाताऱ्यांनीं रात्रीं शेकोटीजवळ पहारा करावा, असा क्रम चालला. नदीपलीकडचे अल्सेसचे लोकही त्यांत होते. कारण आपल्या मार्कोल्सहाइम गांवीं शिशाचा कारखाना होऊं नये म्हणून त्यांनीं १९७४ सालीं अशीच जागा व्यापिली होती, आणि तेव्हां या तीरावरचे लोक त्यांच्या मदतीस गेले होते. युद्धांनीं तोडलेले शेजारी एका रानांत एकत्र जेवूं लागले, ही गोष्ट आमच्या मतें त्या वीजगृहाच्या वादाहूनही मोठी आहे.

विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें असें कीं, या लोकांनीं त्या रानांत एक लांकडी घर बांधलें आणि तेथें 'वीलच्या रानांतील लोकविद्यालय' चालविलें. व्याख्यानें होत, प्राध्यापकांबरोबर शेतकरी, आणि शेतकऱ्यांबरोबर गृहिणी बसत. ज्या गोष्टीस विरोध करावयाचा ती आधीं नीट समजून घ्यावी, हा तेथील पाठ होता. केवळ घोषणा देणाऱ्यांस तो पाठ आजही शिकण्यासारखा आहे.

प्रकरण न्यायालयांत गेलें. १९७७ सालीं फ्रायबुर्गच्या न्यायालयानें परवानगी रद्द केली. भट्टीचें मुख्य पात्र फुटल्यास त्यापासून रक्षण करणारी पुरेशी योजना नाहीं, असें त्याचें म्हणणें. १९८२ सालीं वरच्या न्यायालयानें उलट निर्णय दिला. परंतु तोंपर्यंत काळ पालटला होता. १९८३ सालीं नवे मुख्य मंत्री लोथार श्पेट यांनीं, हें वीजगृह इतक्यांत नको, असें जाहीर केलें. आणि १९९४ सालीं ती योजना कायमची सोडून देण्यांत आली. दिवे विझले नाहींत. आज तें रान निसर्गरक्षणासाठीं राखून ठेविलेलें आहे. तेथील स्मारकशिलेवर त्या मुलुखाच्या बोलींत, 'आम्हीं नाहीं म्हटलें' या अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

तथापि त्यांचें म्हणणें 'नाहीं' या एका शब्दावर संपलें असतें, तर ही कथा आम्हीं येथें सांगितली नसती. १९७७ सालीं याच चळवळींतील मंडळींनीं फ्रायबुर्ग येथें 'ओको-इन्स्टिट्यूट' नांवाची संशोधनसंस्था काढिली. सरकारचे तज्ज्ञ आंकडे मांडतात, तर आपणही आंकडे मांडावे, हा तिचा उद्देश. १९८० सालीं या संस्थेनें, खनिज तेल व युरेनियम यांवांचून देशाचा संसार कसा चालवितां येईल याविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नांवांतील 'एनर्गीव्हेंडे', म्हणजे ऊर्जेच्या मार्गांतील पालट, हा शब्द पुढें सगळ्या जगानें उचलला.

इतरत्र मात्र चळवळीस निराळें वळण लागत होतें. उत्तरेकडे ब्रोकडॉर्फ येथें १९७६ सालीं व ग्रोंडे येथें १९७७ सालीं निदर्शक व पोलिस यांच्यांत मोठ्या चकमकी झाल्या. तेव्हां विचारी लोकांच्या मनांत आलें कीं, दगडांनीं कुंपण मोडेल, धोरण मोडणार नाहीं. धोरण ठरतें तें संसदेंत. म्हणून १९८० सालच्या जानेवारींत कार्ल्सरूए येथें 'हरित पक्षा'ची स्थापना झाली. निसर्गरक्षण, सामाजिक न्याय, तळच्या लोकांचा अधिकार आणि अहिंसा, हीं त्याचीं चार मूलतत्त्वें होतीं. १९८३ सालच्या निवडणुकींत त्यास शेंकडा ५.६ मतें पडलीं. शेंकडा ५ चा उंबरठा ओलांडून तो संसदेंत गेला. पेट्रा केली हिच्यासारखे त्याचे सभासद हातांत कुंड्या व सुकलेल्या झाडाच्या फांद्या घेऊन सभागृहांत शिरले, आणि जुने सभासद पाहतच राहिले. १९८५ सालीं हेसेन प्रांतांत त्या पक्षाचे योश्का फिशर पांढरे खेळाचे बूट घालून मंत्रिपदाची शपथ घेण्यास गेले, त्याचीही पुष्कळ चर्चा झाली.

परंतु बुटांहून महत्त्वाचा वाद त्या पक्षाच्या पोटांतच चालू होता. सत्तेंत जाऊन थोडें थोडें साधावें, कीं बाहेर राहून तत्त्व अभंग राखावें? हा वाद प्रत्येक चळवळीस केव्हांतरी गांठतोच.

२६ एप्रिल १९८६ रोजीं युक्रेनमधील चेर्नोबिलची भट्टी फुटली. तिची धूळ वाऱ्यानें दक्षिण जर्मनीपर्यंत आली व पावसाबरोबर जमिनीवर उतरली. आयांनीं मुलांना वाळूंत खेळूं देणें बंद केलें. शेतकऱ्यांना भाजीपाला नांगरून टाकावा लागला. जी भीति पुस्तकांत होती ती अंगणांत आली. पुढें १९९८ सालीं हरित पक्ष प्रथमच देशाच्या सरकारांत सहभागी झाला. २००० सालीं वीजकंपन्यांशीं करार झाला आणि २००२ सालीं भट्ट्या क्रमाक्रमानें बंद करण्याचा कायदा झाला. २०१० सालीं अंगेला मेर्केल यांच्या सरकारनें ती मुदत वाढविली. परंतु ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप होऊन समुद्राची प्रचंड लाट आली. फुकुशिमा येथील भट्ट्यांची मालिका आपोआप थांबली होती. पण पाणी फिरविणारे पंप बंद पडले आणि तीन भट्ट्यांतील जळण वितळलें. वर सांगितलेले निखारे ते हेच. मेर्केलबाई स्वतः पदार्थविज्ञानाच्या पंडित. त्यांनीं आपलें मत बदललें. त्याच महिन्यांत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्यें निवडणूक झाली, आणि ज्या खुर्चीवरून फिल्बिंगर यांनीं दिवे विझण्याची भीति घातली होती, तिजवर हरित पक्षाचे विन्फ्रीड क्रेच्मान जाऊन बसले. १५ एप्रिल २०२३ रोजीं जर्मनीच्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद झाल्या. वीलच्या रानांतील त्या सकाळीपासून अठ्ठेचाळीस वर्षें लोटलीं होतीं.

येथें कथा संपवावी असा मोह होतो. परंतु मग त्या विदर्भांतील मुलाच्या प्रश्नास उत्तर मिळणार नाहीं. जर्मनींत दगडी कोळसा व लिग्नाइट नांवाचा तपकिरी कोळसा यांचीं वीजगृहें भट्ट्या बंद होत असतांनाही जळतच राहिलीं. कोळसा २०३८ पर्यंत सोडावा असा कायदा २०२० सालीं झाला. म्हणजे आधीं बंद झाल्या त्या धूर न सोडणाऱ्या भट्ट्या, आणि मागें राहिल्या त्या धुराच्या चुली. कोळशाच्या धुरानें माणसें मरतात. एकदम मरत नाहींत, वर्तमानपत्रांत त्यांचें नांव येत नाहीं, एवढाच फरक. त्याच धुरानें पृथ्वीचें हवामानही तापतें. २०२३ सालच्या जानेवारींत, शेवटच्या भट्ट्या बंद होण्याच्या तीनच महिने आधीं, लिग्नाइटच्या खाणीसाठीं ल्युत्सेराथ नांवाचें खेडें पोलिसांनीं रिकामें केलें. तें वांचविण्यास तरुण मंडळी तेथें ठाण मांडून बसली होती, आणि ज्या तडजोडीमुळें तें गांव खाणीच्या स्वाधीन झालें, तिच्यावर हरित पक्षाच्याच मंत्र्यांची संमति होती. एके काळीं रान व्यापणाऱ्यांचे वारस आतां खुर्चीवर होते, आणि रान व्यापणारे दुसरेच होते. आगींतून निघून फुफाट्यांत पडल्यासारखी ही अवस्था, असें टीकाकार म्हणाले. तें अगदींच खोटें नव्हतें.

हरित पक्षाचेंही उत्तर आहे, आणि तेंही ऐकून घेतलें पाहिजे. त्यांच्याच सरकारनें २००० सालीं असा कायदा केला कीं, सूर्य, वारा इत्यादींपासून वीज करणाऱ्यास ठराविक भाव मिळेल. २०२३ सालीं देशांत वापरल्या गेलेल्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक अशा साधनांतून आली. शिवाय राखेचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. गोर्लेबेन येथील मिठाच्या थरांत ती पुरावी असें १९७७ सालीं ठरलें. त्याविरुद्ध तेथील शेतकरी चाळीस वर्षें झगडले. आणि २०२० सालीं ती जागा यादींतून वगळण्यांत आली. दहा लक्ष वर्षें सुरक्षित राहील अशी जागा आतां शोधावयाची आहे. उलटपक्षीं, फिनलंडमधील हरित पक्षानें २०२२ सालीं अणुविजेस अनुकूल असा ठराव केला. हवामानाचें संकट अधिक मोठें, असें त्यांचें मत पडलें. निसर्गावर सारखेंच प्रेम करणारीं माणसें सारख्याच प्रामाणिकपणें भिन्न निर्णयांस येऊं शकतात, हें यावरून दिसतें.

हा प्रश्न परक्या देशाचा नाहीं. आपल्या तारापूर येथें १९६९ सालीं अणुवीज उत्पन्न होऊं लागली. रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूर-माडबन येथें सहा भट्ट्यांचें, ९,९०० मेगावॅटचें वीजगृह योजिलेलें आहे. तेथील आंबेवाले व कोळी यांनीं त्यास विरोध केला. फुकुशिमानंतर महिनाभरानें, १८ एप्रिल २०११ रोजीं, आंदोलनाच्या वेळीं गोळीबार होऊन एक माणूस मृत्यु पावला. तें वीजगृह अद्याप उभें राहिलेलें नाहीं. त्याविषयीं निर्णय देण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु तो निर्णय आज ना उद्यां आमच्या विद्यार्थ्यांच्या पिढीस द्यावा लागेल, आणि तो कसा द्यावा हें वीलच्या रानावरून शिकतां येतें.

ज्यांच्या दाराशीं एखादें काम व्हावयाचें त्यांना आधीं विचारावें. विरोध करणाऱ्यानें आधीं अभ्यास करावा. आणि 'नाहीं' म्हणणाऱ्यानें पुढें एक प्रश्न स्वतःस विचारावा: मला नको असलेलें ओझें आतां कोणाच्या डोक्यावर पडणार? 'होय' म्हणणाऱ्यानेंही अगदीं हाच प्रश्न विचारावा. जो पक्ष हा प्रश्न टाळतो, त्याचें म्हणणें कितीही गोड असो, तें अर्धेंच आहे असें समजावें. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, विजेचें बिल आलें म्हणजे, ही वीज कोठून येते व तिच्यामागें कोणाचें अंगण आहे, हें एकदां मुलांबरोबर बसून शोधावें.

आपल्या त्या दोघां वक्त्यांचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. दिवाळीच्या सुटींत कोंकणचा मुलगा आपल्या मित्राच्या घरीं चार दिवस राहून आला. परत आल्यावर त्यानें शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं उभें राहून आम्हांस सांगितलें, "सर, सदरा खरोखरच काळा होतो." मग थोडें थांबून म्हणाला, "मे महिन्यांत तो आमच्याकडे येणार आहे. त्याला समुद्र दाखवावयाचा आहे."

पुढील वर्षीं हाच विषय पुन्हां ठेवण्याचें आम्हीं ठरविलें आहे. नियम मात्र एक नवा राहील: ज्यानें त्यानें दुसऱ्याची बाजू मांडावयाची.